मुकादमाची हिवाळी झोप

कासव पाळणाऱ्या माणसाला लोक एक प्रश्न हमखास विचारतात: "पण ते करतं काय?" सोफाकाकांना या प्रश्नाची भारी चीड. तुमच्याकडे महिनामहिना मुक्काम ठोकणारे मेहुणे काय करतात, ते कधी विचारलंय का मी, असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायचे, आणि गिऱ्हाईक गुपचूप कापडाचे नमुने चाळायला लागायचं. त्यांचं कासव काही करायचं नाही. ते काकांबरोबर असायचं, बस्स. काकांच्या आयुष्यात एवढं तरी करणारे जीव दोनच होते, एक हे कासव आणि दुसरी त्यांची धाकटी बहीण, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे काय गेलं ते तुमच्या लक्षात येईल.

काका जुने सोफे आणि खुर्च्या नव्या करून द्यायचे. फाटकं कापड उसवायचं, बसलेल्या स्प्रिंगा पुन्हा बांधायच्या, काथ्या नाहीतर फोम भरायचा आणि वर नवं कापड ताणून बारीक खिळ्यांनी ठोकायचं. वर्कशॉप तळमजल्यावर, राहायची खोली त्याच्याच डोक्यावर, मध्ये कुरकुरणारा लाकडी जिना. लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी खोदून विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं," एखाद्याची छत्री दुकानात राहून जाते तशा सुरात. आई होती तोवर वरच्या खोलीत रेडिओ चालू असायचा. ती गेली, रेडिओ बंद झाला, आणि त्याच हिवाळ्यात कासव आलं.

आलं ते एका आरामखुर्चीतून. कुणी एक म्हातारे गृहस्थ वारले होते, त्यांचं घर रिकामं करताना पुतण्यानं ती खुर्ची काकांकडे आणून टाकली. काकांनी ती उलटी केली, खालचं कापड उसवलं, तर काथ्यात कोपऱ्याला एक गार दगड. नीट पाहिलं तर दगडाला पाय. काकांनी पुतण्याला फोन लावला. पुतण्या म्हणाला, "अच्छा, तिथं बसलं होतं होय. मेलं असेल, टाकून द्या." आता अशा माणसाला काय म्हणावं? काकांनी फोन ठेवला, घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि तो दगड त्यात अलगद ठेवून समोर उकिडवे बसले. दुपार कलली तेव्हा त्या दगडानं एक डोळा उघडला आणि काकांकडे पाहिलं. आई गेल्यावर ज्या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, तो माणूस त्या घमेल्यासमोर हुंदके देऊन रडला. मोठा बाप्या माणूस, हाताला सरस लागलेला, आणि रडतोय कासवापुढे.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली. "अहो, हे कासव थंडीभर झोपतं. असं मध्येच उठवलंत तर जिवावर बेतेल त्याच्या. गार जागा लागते, काळोख लागतो, आणि सारखं सारखं झाकण उघडून बघायचं नाही." यंदा झालं ते झालं, पण पुढच्या वर्षीपासून झोप मोडायची नाही, असं त्यांनी बजावलं. काकांनी ते शब्द काळजावर कोरून घेतले. आधीच घाबरट आणि त्यात जीव जडलेला माणूस, तो नियम मोडतो होय?

नाव पडलं मुकादम. दिवसभर तो वर्कशॉपभर फिरायचा, प्रत्येक खुर्चीच्या पायाशी थांबायचा, मान लांब करून वर बघायचा आणि नापसंती दाखवून पुढे निघायचा. "आमच्या मुकादमांनी पास केल्याशिवाय माल बाहेर जात नाही," काका सांगायचे. एका बाईंनी सोफ्याला भडक जांभळं कापड निवडलं तेव्हा मुकादमानं नेमकी मान आत घेतली. "बघा, त्यांनासुद्धा सोसवत नाही," काका म्हणाले. बाईंनी करडं घेतलं.

सकाळी उठलं की काकांचं पहिलं काम म्हणजे काठीला लोहचुंबक बांधून सगळी फरशी झाडायची. एकही खिळा खाली राहता कामा नये. मगच मुकादमाला जिन्यावरून खाली आणायचं. पूर्वी खिळे कुठेही पडलेले असायचे, काकांच्या चपलेत घुसायचे, काका लंगडायचे, पण झाडू म्हणून कधी हातात धरला नव्हता. आता वर्कशॉप असं लख्ख झालं, की येणाऱ्यांना वाटावं काकांनी गुपचूप लग्न उरकलं.

बाहेर जायची पिशवी त्यांनी स्वतः शिवली होती. जाड रेक्झिन, तळाला फळी, बाजूला जाळीची खिडकी. टेम्पोत मुकादमाची जागा काकांच्या शेजारी, गादीवर, आणि वळण आलं की काकांचा डावा हात आपोआप त्याच्या पाठीवर. गिऱ्हाइकांच्या घरी माल पोचवायला, पोस्टात, न्हाव्याकडे, सगळीकडे जोडी. न्हावी विचारायचा, "यांचे कापू का?" दर वेळी हाच विनोद, आणि दर वेळी काका हसायचे. भाजीवाली कोबीची बाहेरची पानं काढून ठेवायची आणि म्हणायची, "तुमच्यापेक्षा तेच बरे, भावात घासाघीस करत नाहीत."

रविवारी बाग. बागेच्या माळ्यानं पहिल्यांदा हरकत घेतली होती, हिरवळीवर जनावर नको म्हणून. मग एकदा त्यानं मुकादमाला रानटी पिवळ्या फुलांचं रोप मुळापासून खाताना पाहिलं आणि त्याचं मन विरघळलं. पुढे पुढे तर तो कुंपणालगतचं तण मुद्दाम उपटेनासा झाला. काका बाकावर बसायचे, मुकादम तणात चरायचा, आणि काका त्याच्याशी आठवड्याभराचं बोलायचे. कोणत्या गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं, कोणती स्प्रिंग सुटून हनुवटीला लागली, आई कशी रेडिओला उलट उत्तरं द्यायची. एके दिवशी मुकादम दिसेना. काकांनी बाग पालथी घातली, माळ्याला कामाला लावलं, दोन पोरींच्या आयांना रडवेल्या तोंडानं विचारलं. शेवटी थकून बाकावरून हिरवळीवर घसरलेला कोट उचलला, तर त्याच्या घडीत साहेब झोपलेले. काकांनी त्याला इतक्या शिव्या घातल्या, की त्या दोन आयांनी आपापल्या पोरींना घेऊन दुसरा बाक गाठला.

प्रश्न होता हिवाळ्याचा. वर्कशॉप थंडीत गरम ठेवावंच लागायचं, नाहीतर सरस धरत नाही, आणि ती ऊब जिन्यावरून वरच्या खोलीत चढायची. कासवानं झोपावं अशी गार जागा तिथं नव्हती. ती होती छोटीकडे.

छोटी म्हणजे काकांची बहीण. नावाला छोटी, तिचेही केस पिकलेले. गावाच्या दुसऱ्या टोकाला लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसायची, पावत्या फाडायची, इस्त्रीचे कपडे हँगरला लावायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. लॉन्ड्रीच्या वरच तिचं जुनं घर, आणि त्याला खाली तळघर होतं, दगडी, काळोखं आणि गारढोण. काकांनी लाकडी खोकं तयार केलं, चारी बाजूंना भोकं पाडली, आत सुका पाला आणि कागदाच्या चिंध्या भरल्या, झाकणाला आतून फोम ठोकला. पानं गळायला लागली की मुकादमाला त्यात घालून ते छोटीच्या हवाली करायचे. "तुझ्यावर सोपवतोय," असं म्हणायचे आणि मागे न बघता जायचे, कारण मागे पाहिलं असतं तर परत घेऊन आले असते.

मग सगळा हिवाळा ते छोटीच्या घराकडे फिरकायचे नाहीत. स्वतःवर भरवसाच नव्हता. तिथं गेलो तर झाकण उघडल्याशिवाय राहवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रविवारी फोन करायचे. "झोपलाय रे दादा," छोटी सांगायची, "काट्यावर ठेवून पाहिलं, वजन किंचित उतरलंय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तेवढंच." काका म्हणायचे, "हळू चालत जा हं, तळघराच्या पायऱ्यांवर." एका हिवाळ्यात छोटीला ताप आला. काकांनी औषधं नेली, ती दाराबाहेर ठेवली आणि चवड्यांवर चालत गल्ली ओलांडली. जमीन हादरली आणि खाली त्याची झोप चाळवली तर? हसू नका. तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात ते हेच.

त्या महिन्यांत काकांची काय दशा व्हायची ते कुणी विचारलं नाही. फरशी झाडायची गरज नसायची, तरी झाडायचे. भाजीवालीला टाळून पलीकडच्या रस्त्यानं जायचे. बोलायला तोंड उघडायचे आणि खाली बघायचे तर कुणीच नसायचं. पण तक्रार नव्हती. त्याच्या जिवासाठी आपण हे सोसतोय, यात त्यांना एक प्रकारचा अभिमान वाटायचा.

आणि मग थंडी सरायची आणि उठवायचा दिवस यायचा. तो दिवस काकांना साऱ्या वर्षात मोठा. स्वच्छ दाढी, धुतलेला शर्ट, पिशवीत ताजी पानं. छोटी कंदील घेऊन पुढे, काका मागे. झाकण काढायचे, पाला बाजूला करायचे आणि पाठीवर तळवा टेकवायचे. गार, अगदी त्या पहिल्या दिवसासारखी गार. मग वर आणून कोमट पाण्यात ठेवायचं आणि वाट बघायची. एक डोळा उघडायचा. दर वर्षी तो डोळा उघडला की काका रडायचे, आणि दर वर्षी छोटी मागे टॉवेल घेऊन उभी असायची. "पूस, दादा," म्हणायची. तिचाही आवाज भरून आलेला असायचा.

असं वर्षानुवर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात एका दातांच्या डॉक्टरांचा निरोप आला. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतला लांब सोफा फाटला होता आणि दारातून बाहेर काही निघत नव्हता, तेव्हा तिथंच येऊन काम करावं लागणार होतं. दवाखाना छोटीच्या लॉन्ड्रीला लागूनच. काका आधी नाही म्हणणार होते. मग मनाशी म्हणाले, मागच्या गल्लीनं जाईन, तिला सांगणारही नाही, म्हणजे चहाला चल म्हणायला नको आणि तळघर आठवायला नको.

दुपारी काका उलट्या केलेल्या सोफ्यामागे जमिनीवर बसले होते. तोंडात बारीक खिळे धरलेले, एकेक जिभेनं पुढे करून ठोकायचा, या धंद्यात सगळे तसंच करतात. खोलीत सुजलेल्या गालाची एक आजी, पेपरात डोकं खुपसलेला एक माणूस आणि टेबलापाशी नावं लिहिणारी मुलगी. दार उघडलं आणि ती मुलगी म्हणाली, "आली, आली. आमची छकुली आली."

"आज उशीर केला," आजी गाल धरून म्हणाली.

"अहो, बाईसाहेबांना बाहेर पडायचंच नव्हतं. स्वेटर घालून घेईना," एक आवाज आला. आवाज छोटीचा होता.

काकांच्या मनात आलं, हिनं कुणाचं पोर सांभाळायला घेतलं? चांगलं केलं. मग सोफ्याच्या पायांमधून त्यांना फरशीवर चार पाय दिसले. पुढच्या डाव्या पायाचं एक नख तुटलेलं. ते पाय त्यांनी कुठेही ओळखले असते. वर लाल लोकरीचं काहीतरी घातलेलं, आणि ते पाय ठरल्या वाटेनं निघाल्यासारखे सरळ हीटरकडे चालले होते. काकांना पहिल्यांदा भीतीच वाटली. जाग आली त्याला, काहीतरी बिघडलं, आजारी आहे, म्हणून छोटी धावत बाहेर आली. बहिणीवर संशय घेणं त्यांना सुचलंच नाही. आजी पुन्हा बोलली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

"मी या दवाखान्यात यायला लागले तेव्हापासून बघतेय हिला," आजी म्हणाली. "थंडीत रोज दुपारी इथं. दात दुखत नसला तरी यावंसं वाटतं. किती वर्षं झाली हो, ताई?"

"कुठं मोजलीत," छोटी म्हणाली आणि हसली.

काका सोफ्यामागून उभे राहिले. छोटीचं हसू तोंडावरच राहिलं. काकांना बोलायचं होतं, पण तोंड खिळ्यांनी भरलेलं. सगळ्यांदेखत ते एकेक खिळा जिभेवर घेऊन हातात काढत राहिले. पेपरवाल्यानंही पेपर खाली केला.

"झोपलाय म्हणालीस," अखेर काका म्हणाले. "रविवारी. झोपलाय म्हणालीस तू."

"दादा, घरी चल. इथं नको."

घर म्हणजे लॉन्ड्रीच्या वरची बाजू, चार पावलांवर. हिवाळ्यात त्या घरात काका पहिल्यांदाच शिरत होते. खिडकीशी दिवा लावलेली एक पेटी. पेटीतून खाली उतरायला फळीचा उतार. त्यावर मखमलीचा तुकडा, काकांनीच छोटीला खुर्चीसाठी दिलेला. कोपऱ्यात पानांची ताटली, चघळलेली. भिंतीशी आणखी दोन स्वेटर वाळत घातलेले, एक निळा, एक पट्ट्यापट्ट्यांचा. काकांनी सगळं पाहिलं. एखाद्याच्या घरात आपल्याच वस्तू दिसाव्यात आणि त्यानं त्या ओळखू येऊ नयेत म्हणून रंगवलेल्या असाव्यात, तसं त्यांना झालं.

छोटीनं काही लपवलं नाही, आता लपवायला उरलं तरी काय होतं? पहिला हिवाळा मुकादम खरोखर झोपला. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यांनी तळघराच्या भिंतीतून गरम पाण्याचा पाइप नेला. तळघर उबलं, मुकादमाला जाग आली आणि खोक्यात खरवडायला लागला. तिनं त्याला वर आणलं. पुन्हा झोपवायला जावं तर डॉक्टरीणबाईंचीच ताकीद होती, झोपमोड झालेल्या कासवाला परत थंडीत घालू नका.

"मग मला सांगायचं होतंस."

"त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तूच म्हणालास, तो शांत झोपलाय म्हणून मलाही झोप लागते, छोटे. मग कसं सांगू?"

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पाइप नव्हता. त्यांनी काढून घेतला. पण मला त्याला खाली न्यावंसंच वाटलं नाही." मग छोटी एकदम म्हणाली, "कामावरून येते तेव्हा अंधार झालेला असतो रे. दार उघडलं की घरात कुणी नाही. तो होता तर मी कुणाशी तरी बोलायचे."

"आणि माझ्या घरात कोण होतं?" काका म्हणाले.

काकांनी आवाज चढवला नव्हता, तरी छोटी मागे सरकली. मुकादम मधल्या मोकळ्या जागेतून आपल्या ताटलीकडे चालला होता.

"मी औषधं दारात ठेवून चवड्यांवर गेलो, तेव्हा तो कुठे होता?"

"माझ्या पायांशी. पांघरुणावर."

"आणि उठवायचा दिवस?" काकांनी विचारलं. हे त्यांनी शेवटपर्यंत मागे ठेवलं होतं, कारण याचं उत्तर त्यांना खोलीत पाऊल टाकल्यापासून कळलेलं होतं. "त्या दिवशी पाठ गार असायची. मी हात लावून बघायचो."

"दोन दिवस आधी खाली नेऊन ठेवायचे तिला. गार व्हावी म्हणून." छोटीचा आवाज बारीक झाला. "तुला एवढा आनंद व्हायचा. वर्षातनं एकदा तुझा चेहरा तसा व्हायचा, दादा. म्हटलं, तो कशाला हिरावून घ्या."

"मी रडायचो, छोटे. तुझ्यासमोर रडायचो."

"हो."

"आणि तू टॉवेल घेऊन उभी."

"हो."

परक्यानं फसवलं असतं तर काकांनी चार शिव्या हासडल्या असत्या, रात्री जेवले असते आणि विसरले असते. हा सख्ख्या बहिणीनं केसानं गळा कापला होता, तोही टॉवेल पुढे करून. ज्या महिन्यांचा त्यांना अभिमान वाटायचा ते सगळे महिने फुकट गेले होते. ते इकडे एकटे कुढत होते, आणि अख्ख्या गल्लीला, तिथल्या न्हाव्याला, इस्त्रीवाल्याला, दातदुख्यांना ठाऊक होतं, की कासव मजेत आहे, स्वेटर घालून हिंडतंय. काकांनाच तेवढी कानोकान खबर नव्हती.

"डॉक्टरीणबाईंना माहीत आहे?"

छोटीनं मान डोलावली. "एकदा न्यावं लागलं. अंडी घातली होती तिनं. नर नसला तरी घालतात म्हणे, तशीच, पोकळ. बाईंना वाटलं, तुला मी सांगितलंच असेल."

काका खाली बसले. मुकादमानं अंडी घातली होती. इतकी वर्षं रविवारी बागेत ते ज्याला आपल्या पोटातलं सगळं सांगत बसले, त्याच्या पोटातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते मात्र हिला माहीत होतं, आणि हिनं मिठाची गुळणी धरली होती. सगळ्यांत जास्त हेच लागलं. खोटं बोलली ते एक वेळ सोडून दिलं असतं. पण त्यांच्या जिवाभावाच्या प्राण्याला त्यांच्यापेक्षा तीच जास्त ओळखत होती, आणि ती ओळख तिनं त्यांच्यापासून चोरून ठेवली होती.

ते उठले, मुकादमाचा स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला आणि त्याला आपल्या कोटात घेतलं. छोटी दारापर्यंत आली. "दुपारचं खाणं झालेलं नाही तिचं," एवढंच म्हणाली. काकांनी जिना उतरताना कठडा धरला नाही, कारण दोन्ही हात कोटावर होते. दवाखान्यातला सोफा तसाच उलटा पडून राहिला. तो त्यांनी चार दिवसांनी, सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन पुरा केला.

आता तुम्हाला वाटेल, मुकादम घरी येऊन उपाशी बसला असेल, दाराकडे डोळे लावून छोटीची वाट पाहत असेल. छे. पोचल्या पोचल्या कोबीचं पान खाल्लं, फरशीवर एक फेरी मारली, नव्या आलेल्या दिवाणाच्या पायाशी थांबून मान वर केली आणि नापसंती दाखवून पुढे गेला. त्याला ऊब आणि पानं मिळाली की झालं. कुणी कुणाला फसवलं याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. काकांना वाटत होतं, तो थोडासा तरी अपराध्यासारखा वागेल. तेवढंही समाधान त्यानं दिलं नाही.

हिवाळ्यातला मुकादम काकांना मुळीच माहीत नव्हता. दुपारी वर्कशॉपच्या मागच्या खिडकीतून ऊन तिरकं येतं आणि कापडाच्या गुंडाळ्यांमध्ये एक उबदार पट्टा पडतो, हे त्यांना या हिवाळ्यात समजलं, कारण मुकादम तो शोधून तिथं जाऊन बसायचा, मागचे पाय लांब सोडून, अगदी हॉटेलात उतरल्यासारखा. संध्याकाळी तो काकांच्या पावलावर हनुवटी टेकायचा. उन्हाळ्यात हे त्यानं कधी केलं नव्हतं. काकांना सुख व्हायचं, आणि त्याच क्षणी मनात यायचं, हे तिनं दर वर्षी उपभोगलं. तिच्या पावलावर टेकायचा. प्रत्येक गंमत त्यांना आधी गोड लागायची आणि मग घशात अडकायची. हा राग कमी होईल असं त्यांना वाटलं होतं, पण मुकादम जितका लाडात येई तितका तो वाढत गेला.

रविवारी फोन वाजायचा. काका उचलायचे नाहीत. वाजून वाजून थांबायचा, आणि मग खोलीत अशी शांतता पसरायची की त्यांना स्वतःचाच राग यायचा. कारण छोटी नको होती असं नव्हतं. कुणाला तरी सांगावंसं वाटायचं, की मुकादमानं आज रेडिओजवळ जाऊन मान हलवली, आणि ते सांगण्यासारखं माणूस जगात एकच होतं.

थंडी संपत आली होती. काका एका जुन्या खुर्चीच्या स्प्रिंगा बांधत होते. हे काम असं असतं, की स्प्रिंग दाबून धरायची, सुतळी ताणायची आणि गाठ बसेपर्यंत हात सोडायचा नाही. दार उघडलं आणि गार वारा आत आला. दारात छोटी. लॉन्ड्रीतून तशीच आलेली, अंगात कामाचा कोट, हात रिकामे. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"दादा," ती म्हणाली.

काकांनी वर पाहिलं. ती वाळली होती.

"तिला बघायला नाही आले," छोटी म्हणाली. "तुला बघायला आले. मी चुकले रे. दर वर्षी वाटायचं, या खेपेला सांगून टाकू. तू शर्ट धुऊन यायचास आणि मग तोंड उघडायचंच नाही."

काकांच्या मनात पुष्कळ होतं. ये, बस, असं म्हणायचं होतं. तो हनुवटी कशी टेकतो ते बघ, असं म्हणायचं होतं. तुला काय शिक्षा करू, तूही एकटीच आहेस, हेही म्हणायचं होतं. पण इतक्या दिवसांचा राग तोंडाशी बसलेला, त्यानं बाकीच्यांना वाट दिली नाही. बाहेर आलं ते वेगळंच.

"आत यायचं तर ये, नाहीतर दार लाव," ते म्हणाले. "मुकादमाला वारा लागतो."

त्यांच्या लेखी ते 'ये'च होतं. याहून जास्त त्या दिवशी त्यांच्याकडून निघण्यासारखं नव्हतं, आणि छोटीला ते कळेल, लहानपणापासून तिला त्यांचं सगळं असंच अर्धवट बोललेलं कळत आलेलं, असं ते धरूनच चालले होते. छोटीनं एकदा उन्हाच्या पट्ट्याकडे पाहिलं. मुकादमानं मान काढली होती, पण तो बघत होता कुठे ते सांगता येत नाही. मग तिनं मान खाली घातली आणि दार ओढून घेतलं. हळूच, आवाज न करता, वारा आत जाऊ नये अशा बेतानं. आणि ती बाहेरच राहिली.

काकांना वाटलं, पुन्हा उघडेल. दोन्ही हातांत ताणलेली सुतळी होती, सोडली असती तर स्प्रिंग उसळली असती आणि सकाळपासूनचं काम वाया गेलं असतं. निदान त्यांनी स्वतःला तसं सांगितलं. काच धुरकटलेली होती, तीतून छोटीची सावली थोडा वेळ दिसली आणि मग दिसेनाशी झाली. काकांनी गाठ मारली, ती ओढून पाहिली, पक्की बसली होती. मग ते उठले आणि दार उघडून बाहेर आले, तोवर रस्त्यावर कुणी नव्हतं.